आईच्या भोवतीचे गज

डुकरीण आपलीच पिल्लं चिरडते. खरं आहे, नाकारायचं कशाला? तिचं धूड दोनशे किलोचं, आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू सव्वा-दीड किलोचं. त्याला थंडी सोसत नाही. ऊब शोधत ते आईच्या कुशीत शिरतं. ती आडवी होते. एक चिरका आवाज, आणि संपलं.

मोठ्या डुक्करखान्यांनी यावर तोड काढली : लोखंडी पिंजरा. रुंदी साठेक सेंटिमीटर. व्यायच्या आधी तिला आत घालायचं आणि पिल्लं दुधावरून तोडेपर्यंत, तीन-चार आठवडे, तिथंच ठेवायचं. उठता येतं, लोळता येतं; वळता येत नाही. मालक म्हणतो, पिल्लांच्या सुरक्षिततेसाठी!

भल्यासाठी म्हणून घातलेलं कुंपण आपल्याला नवं नाही. म्हणून विचारू या : किंमत कोण मोजतंय?

११४ दिवस गाभण राहिलेली डुकरीण व्यायच्या आदल्या दिवशी जमीन उकरते, काडी-गवत तोंडात धरून आणते, पिल्लांसाठी घर करते. हे तिला कुणी शिकवलेलं नाय. पिंजऱ्यात काडी नसते. ती गज चावत राहते. जनावराला निदान उभं राहता, लोळता, अंग चाटता, पाय ताणता आणि वळता यावं, असं ब्रिटनच्या ब्रँबेल समितीनं १९६५ सालीच सांगितलं होतं.

कुणी म्हणेल, मग पिल्लांचा जीव जीव नाही का? आहे. पण तिचं धूड वाढवलं कुणी? एका वेताला जास्त पिल्लं पडावीत म्हणून निवड केली कुणी? खाली उघडं काँक्रीट दिलं कुणी? आणि दोष मात्र एकट्या तिच्या माथी!

स्वित्झर्लंडनं या पिंजऱ्यांचा नेहमीचा वापर २००७ पासून बंद केला. तिथं ऐसपैस जागा देतात, पेंढा देतात, आई पोचणार नाही असा उबदार कोपरा पिल्लांना देतात.

वस्तीवर दोन डुकरिणी पाळणाऱ्यालाही हे जमतं. भिंतीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर आत आणि जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर मजबूत आडवा बांबू बांधायचा. आई भिंतीला घसटून बसली तरी पिल्लाला निसटायला फट राहते. खाली कोरडा पेंढा. पहिल्या तीन-चार राती कुणीतरी जागायचं.

तरीही एखादं पिल्लू जाईल. ते दुःख खरंच. पण पिल्लू वाचवायला आईला जखडायचं, की आपण जागा, पेंढा आणि थोडी झोप द्यायची, हे ठरवणारे आपण असतो. गज स्वस्त पडतात म्हणून वापरत असाल, तर तसं सांगा. त्याला माया म्हणू नका.