बोट लागली

मंगरूळपीरला एक गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालेले. भूगोल हा त्यांचा हातखंडा विषय. निळ्या खडूनं फळ्यावर अरबी समुद्र काढायला लागले की मागच्या बाकावरची पोरंही माना उंच करून बघायची. तेव्हाच्या पुस्तकातला महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, हे त्यांनी किती पोरांकडून पाठ करून घेतलं याची गणती नाही. तो समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मंगरूळपीरहून सरळ रेषेत मोजला तरी तो साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे. शाळा, चार एकरांतलं सोयाबीन नि तूर, दादा हयात कलंदरांचा उरूस, बिरबलनाथ महाराजांची यात्रा, यातच आयुष्य सरलं. त्यांच्या बायकोचं, काकूंचंही तसंच. त्या चौथी शिकलेल्या, आणि नंतर कापूस वेचणीत नि सोंगणीत हात झिजलेल्या.

लग्नाला ४० वर्षं झाली तेव्हा पुण्याच्या मुलानं दोघांची क्रूझची तिकिटं काढली. मुंबईहून गोवा आणि परत मुंबई. ‘एम्प्रेस’ नावाचं ११ मजल्यांचं जहाज २०२१ पासून मुंबईहून अशा फेऱ्या करतं. आईवडील दमून बंदरावर पोहोचू नयेत म्हणून त्यानं आदल्या रात्रीसाठी खोपोलीच्या बाजूला एक रिसॉर्टही ठरवलं. तेही जहाजासारखंच सजवलेलं. शेलूबाजारला गाडी समृद्धी महामार्गाला लागली. हा रस्ता जून २०२५ मध्ये थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाल्यामुळे एका दिवसात ते खोपोलीला पोहोचले.

रिसॉर्टच्या दारात माणसाएवढा नांगर होता. गुरुजींनी बोटानं वाजवून पाहिला, आतून पोकळ. खोल्यांना गोल खिडक्या, जेवणघराच्या मधोमध सुकाणूचं मोठं चाक, छताला जाळी, स्पीकरमधून लाटांचा आवाज. वाढणाऱ्या पोरांच्या डोक्यावर खलाशांच्या पांढऱ्या टोप्या. गुरुजींना फार बरं वाटलं. ते काकूंना म्हणाले, “उद्याची तयारी आजच होऊन जाते. इथं सगळं पाहून ठेवू, म्हंजे जहाजावर कोनी आपल्याले अडानी म्हननार नाई.”

त्यांनी वही काढली. दाराचं कार्ड कसं लावायचं, कोणता चमचा कशाला, जहाजाचा पुढचा भाग कोणता, मागचा कोणता, सगळं उतरवून घेतलं. भिंतीवर लाइफ जॅकेट टांगलेलं होतं, त्याचे पट्टे मोजले. रात्री अकरापर्यंत चार पानं भरली. गुरुजींची ही मेहनत खोटी नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, त्याला परक्या ठिकाणी चुकण्याची किती धास्ती असते हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

काकूंनी काहीच लिहून घेतलं नाही. ताट ठेवणाऱ्या पोराच्या हाताकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं. विशी-बाविशीचा पोरगा, पण तळव्याला घट्टे आणि बोटांच्या पेरांवर आडवे, जुने कातरे. असे हात त्यांना ओळखता येत. कपाशीच्या बोंडांनी त्यांचीही बोटं अशीच फाटायची.

“बाबू, हे ताटं उचलून नाई झालं. काय करत होता?”

पोरगा थबकला. “जाली ओढायचो आजी. आमचं घर रेवदंड्याकडं. बाबा तांडेल हायेत. मी मोठा दर्यावर, धाकटा शिकतोय. यंदा मासळी कमी, म्हणून मी इथं आलो.”

“म्हंजे तू खरा खलाशी हायेस!” काकूंनी त्याला थांबवूनच घेतलं. “मंग मले सांग, आमी उद्या पह्यल्यांदाच जहाजात बसून ऱ्हायलो. काय जपाव?”

त्याची बाकीची ताटं वाढून होईपर्यंत काकू तिथंच बसून राहिल्या. मग तो आला आणि उभ्यानंच सांगू लागला. “आजी, बोट लागली तर घाबरायचं नाय.”

“लागली म्हंजे? काठाले?”

“नाय, जशी यश्टी लागते तशी. डोकं गरगरतं, उलटी येते. तेव्हा बंद खोलीत निजायचं नाय, खाली मान घालून वाचायचं तर मुळीच नाय. बाहेर यायचं, बोटीच्या मध्यावर. पुढचं टोक जास्ती उसळतं. नजर लांब ठेवायची, आभाळ नि पानी मिलतं तिथं. पोट उपाशी नको, तट्टही नको. आल्याचा तुकडा दाढेत धरायचा.” जाताना त्यानं स्वयंपाकघरातून बोटभर आलं आणून दिलं. काकूंनी ते पदराच्या गाठीत बांधलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जहाज मुंबईच्या बंदरातून निघालं. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं. १८७५ सालचं हे दीपगृह गुरुजींना पुस्तकातून माहीत होतं. ते काकूंना दाखवताना त्यांचा आवाज कापरा झाला. फळ्यावरचा समुद्र आज डोळ्यांपुढे होता, आणि तो निळा नव्हता, राखाडी होता.

हिवाळ्यात कोकणचा समुद्र तसा शांत. तरी उघड्या पाण्यात आल्यावर जहाज हळूच या कुशीवरून त्या कुशीवर होऊ लागलं. जेवणाआधी उजळणी करावी म्हणून गुरुजी केबिनमध्ये पलंगावर बसले आणि वही उघडली. खोलीला खिडकी नव्हती. दुसरं पान उलटेपर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला. कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतो आहोत, डोळ्यांपुढचं पान सांगतं की आपण स्थिर आहोत, आणि या ओढाताणीत पोट ढवळून निघतं. वहीत चमच्यांची नावं होती. याबद्दल एक ओळही नव्हती.

काकूंनी वही मिटली. गुरुजींना दंडाला धरून त्या मधल्या उघड्या डेकवर घेऊन आल्या, कठड्याचा आधार दिला, आल्याचा तुकडा तोंडात घातला. “खाली पाहू नका. थे दूरची रेघ दिसते ना, तिकडं पाहा.” मावळतीचा थोडा उजेड उरला होता. अर्ध्या तासात गुरुजींचा चेहरा निवळला. काकूंनी कोरडा टोस्ट मागवून त्यांना खायला लावला.

“तुले हे कोनं सांगतलं?”

“काल जेवन वाढलं ना, त्या पोरानं. दर्यावरचा हाये तो. मी इचारलं, त्यानं सांगतलं.”

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “३४ वर्षं पोराइले सांगत आलो, समजलं नाई तं हात वर करा. काल खरा मास्तर माह्या पुढं ताट घेऊन उभा होता, अन् मी भिंतीवरचे पट्टे मोजत बसलो.”

परतताना न्यायला आलेल्या मुलाला त्यांनी खोपोलीला गाडी थांबवायला लावली. पोराची सुट्टी होईपर्यंत दोघं फाटकाजवळच्या बाकावर बसले. तो आला तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. गुरुजींनी त्याला शेजारी बसवलं, कोरं पान काढलं आणि विचारलं, “मतलई वारा म्हंजे काय, ते तू सांग.” पोरगा सांगू लागला. आजोबा शिडाच्या होडीत पहाटे या वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. आता इंजिनं आली, पण बाबा अजून पहाटे उठून आधी वाऱ्याकडे गाल करतात. फळ्यावर हजारदा लिहिलेला शब्द गुरुजींनी त्या दिवशी वहीत पुन्हा लिहून घेतला.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात आणि पांढऱ्या टोपीतला एखादा पोरगा तुमच्यापुढं ताट ठेवू लागला, तर त्याला त्याचं गाव विचारा, आणि बापाची होडी कोणत्या बंदराला लागते तेही.