तुफानात सापडलेल्या होड्या

शास्त्रपाठ : मार्क, अध्याय ४, ओव्या ३५ ते ४१

आजच्या शास्त्रपाठातील वृत्तांत तुम्ही अनेक वेळा ऐकिला आहे. शब्बाथशाळेतील लहान मुलेही तो सांगू शकतात. प्रभू दिवसभर होडीत बसून काठावरच्या लोकांस दाखले सांगत होता. सायंकाळ झाली तेव्हा शिष्यांनी त्यास तसेच होडीत घेतले आणि पलीकडच्या तीराकडे होडी लोटली. मग वारा सुटला, लाटा होडीत शिरू लागल्या, आणि तो मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून निजला होता. पुढे काय झाले हे तुम्हांस ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच आपण हा वृत्तांत घाईघाईने वाचतो. शेवट गोड आहे हे आधीच कळलेले असते, म्हणून मधले भय आपणांस शिवत नाही. आज आम्ही त्या मधल्या भयाविषयीच बोलणार आहोत.

आमचे बहुतेक वाचक नांगर धरणारे आहेत. विहिरीचे व पाटाचे पाणी त्यांस कळते, परंतु ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्यावर रात्र काढलेले थोडेच. म्हणून आधी त्या स्थळाविषयी सांगितले पाहिजे. गालीलास समुद्र म्हणतात खरे, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर व रुंदी अधिकात अधिक सुमारे १३ किलोमीटर. आकाश निर्मळ असता एका काठावरून दुसऱ्या काठाचे डोंगर दिसतात. एवढ्याशा पाण्यात भिण्यासारखे ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु हे सरोवर महासागराच्या सपाटीहून सुमारे २१० मीटर खाली आहे. जणू जमिनीत पुरलेली एक मोठी काहीलच. पूर्वेस गोलानचे उंच पठार, पश्चिमेस गालीलाचे डोंगर. दिवसभर काहिलीतील हवा तापते, आणि वर उंचावरची हवा थंड असते. थंड हवा जड म्हणून ती घळींतून खाली कोसळते. पश्चिमेस आर्बेलच्या कड्याखाली जी दरी आहे ती तर वाऱ्यास नळीसारखी होते. हिवाळ्यात पूर्वेकडून जो वारा येतो त्यास तेथील लोक शार्किया म्हणतात, आणि त्याचे नाव काढले म्हणजे कोळी होड्या वर ओढून घेतात. घटकेपूर्वी आरशासारखे असलेले पाणी घटकेत उकळू लागते. शिष्यांवर आलेले तुफान हे असे होते.

आणि होडी कशी होती? इ. स. १९८६ च्या आरंभी अवर्षणामुळे त्या सरोवराचे पाणी फार ओसरले होते. तेव्हा गिनोसार येथील दोन कोळी भावांस चिखलात एका जुन्या होडीची कड दिसली. विद्वानांनी ती मोठ्या जपणुकीने बाहेर काढली. लांबी ८ मीटरांहून किंचित अधिक, रुंदी सुमारे २.३ मीटर. लाकडाची परीक्षा झाली तेव्हा ती ख्रिस्ताच्या काळाच्या आगेमागची ठरली. हीच प्रभूची होडी असे सांगणारे लोक भेटतात. तसा काडीचाही पुरावा नाही, आणि आपल्या उपदेशक बंधूंनी तसे कोणास सांगू नये. परंतु तिच्यात पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. तिच्यात बारा जातींची लाकडे सापडली. चांगल्या फळ्या देवदाराच्या, आडव्या फासळ्या ओकाच्या, आणि मग ठिगळांमागून ठिगळे, हाती लागेल त्या झाडाची. ज्याची ती होडी होती त्याजपाशी नवी होडी बांधण्यास पैसा नव्हता हे उघड आहे. गोधडीस ठिगळ लावणाऱ्या आमच्या बहिणींस त्या कोळ्याची स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. अशाच एखाद्या होडीत तेरा माणसे बसली होती असे मनात आणा, म्हणजे पाणी आत येऊ लागले तेव्हा काय झाले असेल ते कळेल.

त्या माणसांपैकी निदान चौघे जन्माचे कोळी होते. पाग कसा फेकावा, रापण कशी ओढावी हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. प्रभूनेही स्वर्गाच्या राज्याचा दाखला रापणीवरूनच दिला, कारण ऐकणारांस तीत चांगले वाईट सर्व मासे कसे येतात हे ठाऊक होते. ज्यास पोहता येत नाही त्याने पाण्यास भ्यावे हे साहजिक आहे. परंतु ज्याचा बाप व आजा पाण्यावर मेला, तो वल्हे टाकून ओरडू लागतो तेव्हा मरण खरोखरच जवळ आलेले असते. शिष्यांनी प्रभूस जागे केले ते प्रार्थनेच्या गोड शब्दांनी नव्हे. त्यांनी गाऱ्हाणे घातले. आम्ही बुडतो आहो, याची तुला काही पर्वा नाही काय, असा त्यांचा भाव होता.

आम्ही उपदेशक लोक येथे त्यांस दोष देण्यास फार चपळ असतो. प्रभूने त्यांच्या अल्पविश्वासाबद्दल त्यांस बोल लाविला हे खरे. पण मार्काचा वृत्तांत नीट वाचा. तो आधी उठला, वाऱ्यास धमकाविले, पाणी शांत केले, आणि मग त्यांस विचारले. मत्तयाने क्रम उलट दिला आहे, म्हणून त्यावर आम्ही मोठी इमारत रचीत नाही. तरी असल्या गाऱ्हाण्यालाही त्याने उत्तर दिले, हे दोघेही सांगतात.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कोकणात एका खाडीकाठच्या लहान मंडळीत आम्ही याच अध्यायावर उपदेश केला. ज्याच्या होडीत प्रभू आहे त्याची होडी बुडत नाही, असे आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या, आणि आम्हांसही आपला उपदेश आवडला. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई दाराशी थांबली होती. तिचा मुलगा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. इ. स. २००९ च्या नोव्हेंबरात फयान नावाचे वादळ आपल्या किनाऱ्यावर आले, त्यात तो गेला, आणि त्याचे प्रेतही मिळाले नव्हते. ती हळूच म्हणाली, “पाद्रीसाहेब, माझा पोर दर रविवारी देवळात यायचा. त्याच्या होडीत प्रभू नव्हता का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी परत येताना आम्हांस वाटले की आम्ही तिचे पुत्रशोकाचे ओझे हलके करावयास गेलो आणि त्यावर आणखी एक धोंडा ठेवून आलो.

तेव्हापासून आम्ही या विषयावर पुष्कळ वाचले. स्कॉटलंड देशाच्या पूर्व किनाऱ्यावर आयमथ नावाचे कोळ्यांचे गाव आहे. त्या देशातील लोक बायबल वाचणारे, रविवार पाळणारे. इ. स. १८८१ च्या ऑक्टोबरात आठवडाभर हवा वाईट असल्यामुळे त्यांच्या होड्या बंदरातच अडकल्या होत्या. घरात पैसा नव्हता. ता. १४ रोजी, शुक्रवारी सकाळी, समुद्र शांत व आकाश स्वच्छ दिसले. बंदरावर हवेचा दाब दाखविणारे यंत्र होते. त्याचा पारा फार खाली उतरला होता, आणि त्याचा अर्थ सर्वांस कळत होता. तरी ते गेले. दुपारच्या सुमारास एकाएकी अंधार पडला आणि तुफान आले. कित्येक होड्या परत फिरून बंदराच्या तोंडाशी आल्या, आणि तेथील खडकांवर आपटून फुटल्या. बायका, मुले व म्हातारी माणसे काठावर उभी होती. त्यांच्या डोळ्यांदेखत हे झाले. त्या दिवशी त्या किनाऱ्यावरचे १८९ कोळी बुडाले, त्यांपैकी १२९ एकट्या आयमथचे. ज्या होड्या घराकडे न वळता खोल पाण्यातच राहिल्या त्यांतल्या काही मात्र तगल्या.

यात आम्हां मंडळीच्या सेवकांस विशेष टोचणारी गोष्ट आहे. आयमथच्या कोळ्यांस पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माशांचा दशमांश तेथील राजमान्य मंडळीच्या पाळकास द्यावा लागत असे. त्याविरुद्ध ते फार वर्षे भांडले, आणि अखेर पैसे भरून त्यांनी त्यातून सुटका करून घेतली. त्या भांडणात व त्या रकमेत गावचा पैसा गेला, आणि बंदर सुधारण्याचे काम मागे पडले. तुफान देवाने पाठविले असे म्हणणारे तेथेही असतील. परंतु बंदराचे तोंड अरुंद व धोक्याचे राहिले, आणि घरची कोठी रिकामी असल्यामुळे पारा उतरलेला दिसत असताही माणसे गेली, याचा हिशेब आकाशाकडे मागता येत नाही. ज्या उपदेशकास आपल्या गावातील सावकाराचे व्याज, मोडका बांध, मुलांच्या शाळेची गळती छपरे दिसत नाहीत आणि केवळ देवाची इच्छा दिसते, त्याने हा वृत्तांत पुनः वाचावा.

तर मग बुडालेल्यांचा विश्वास कमी होता काय? या प्रश्नाचे उत्तर प्रभूने स्वतःच दिले आहे. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती असे त्याने स्पष्ट सांगितले. लूकाच्या तेराव्या अध्यायात ते आहे. पौलासारखा प्रेषितही तीन वेळा फुटलेल्या तारवात सापडला आणि एक रात्र व एक दिवस त्याने खोल पाण्यात काढला, असे तो करिंथकरांस लिहितो. त्याच्या तारवात प्रभू नव्हता असे कोण म्हणेल? मलितेच्या किनाऱ्याजवळ त्याचे तारू लाटांच्या माऱ्याने फुटलेच; २७६ माणसे कोणी पोहत, कोणी फळ्यांवर बसून काठास लागली. आणि लक्षात घ्या, पौलाने आधीच सांगितले होते की या दिवसांत पुढे जाऊ नये. शताधिपतीने तारवाच्या मालकाचे ऐकले. पौलास वाऱ्याची भीती होती आणि देवावर भरवसाही होता. ही दोन्ही एका मनात राहू शकतात. कोकणातील जाणता तांडेल हवामानखात्याची सूचना ऐकून होडी बंदरातच ठेवतो, त्यास आम्ही भित्रा म्हणणार नाही.

त्या बाईस आम्ही आज काय सांगू? तिचा मुलगा का गेला हे सांगणार नाही. एवढे सांगू की शिष्यांप्रमाणे तिलाही प्रभूस जागे करण्याचा, गाऱ्हाणे घालण्याचा हक्क आहे, आणि तो त्याबद्दल तिला होडीबाहेर टाकणार नाही. खरे म्हटले म्हणजे आम्ही पुनः त्या खाडीकाठी गेलो व तिच्या ओट्यावर बसून हेच सांगितले. आमची चूकही कबूल केली. तिने ऐकून घेतले. “बसा, चहा ठेवते,” एवढेच ती म्हणाली.

मार्काच्या या वृत्तांतात एक लहानसे वाक्य आहे, ते इतर शुभवर्तमानकारांनी दिलेले नाही. त्या रात्री प्रभूच्या होडीबरोबर दुसऱ्याही होड्या पाण्यावर होत्या असे तो सांगतो. पुढे त्यांचे नाव नाही. त्या कोणाच्या, त्यांत किती माणसे, काही कळत नाही. पण वारा पडला तेव्हा तो त्यांच्याही शिडांतून पडला. त्यांच्या होडीत प्रभू नव्हता. आपले पाणी कोणी शांत केले हेही कदाचित त्यांस कधी कळले नसेल. दुसऱ्या दिवशी जाळी वाळत घालताना ते एकमेकांस म्हणाले असतील, काल वारा जसा आला तसा गेला, नशीब आपले. आम्ही इतकी वर्षे हा पाठ वाचला, पण त्या होड्यांकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

इ. स. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कन्याकुमारीजवळ ओखी नावाचे वादळ उठले. ते इतक्या त्वरेने वाढले की केरळ व तमिळनाडूचे अनेक कोळी सूचना मिळण्यापूर्वीच दूर समुद्रात गेलेले होते. त्यांच्या हातातील दूरध्वनी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुके होतात. त्यांच्यात पुष्कळ ख्रिस्ती होते. आपल्या पंथाचे नव्हेत, रोमन मंडळीचे, परंतु त्याच प्रभूचे नाव घेणारे. कित्येक परत आलेच नाहीत, आणि त्यांच्या गावांत आजही रिकाम्या कबरी आहेत. परंतु वाऱ्याने व लाटांनी उत्तरेकडे रेटलेल्या होड्यांपैकी ६८ होड्या आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास लागल्या. त्यांपैकी ६६ केरळच्या व २ तमिळनाडूच्या, आणि त्यांत ९५२ माणसे होती. देवगडच्या बंदरात त्यांस आसरा मिळाला. त्यांस मराठी येत नव्हते, किनाऱ्यावरच्यांस मल्याळम् येत नव्हते.

हे वृत्त आम्ही त्या खाडीकाठच्या बाईस वाचून दाखविले. ६८ होड्या, ९५२ माणसे, हे आकडे तिने दोनदा विचारले. मग काही वेळ ती चुलीकडे पाहत बसली, आणि तिने आम्हांस विचारले, “त्यांच्या आयांना कळवलं का कोणी?”