नगर, होनोलुलू आणि जोतिरावांची अर्पणपत्रिका

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जनांना. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला त्याचं कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा या तळमळीनं. पंचवीस वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच अमेरिकेनं हवाई बेटं खालसा केली आणि स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स पदरात पाडून घेतलं. फिलिपिनो लोकांनी त्याच वर्षी १२ जूनला आपलं स्वातंत्र्य जाहीर केलेलं होतं. ते मोडून काढायला अमेरिकी फौजा उतरल्या आणि १८९९ ते १९०२ या काळात लढाई, उपासमार आणि रोगराई यांत निदान दोन लाख सामान्य माणसं गेली. जोतिराव १८९०लाच वारले होते. मग त्यांची ती अर्पणपत्रिका भाबडी होती काय?

माझ्या मते नव्हती. पण का नव्हती हे कळायला नगर आणि होनोलुलू शेजारी ठेवून पाहावं लागतं.

१८१० साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळ निघालं. त्याचा कारभार बोस्टनहून चाले. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. मराठी मुलखातलं अमेरिकन मिशन ते हेच. १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं, पुढे १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू झाला. याच मंडळानं १८१९ मध्ये बोस्टनहून आणखी एक जहाज सोडलं, ते १८२० मध्ये हवाईला लागलं. पैसा पुरवणारे तेच, बायबल तेच, छापखाना आणि शाळा काढण्याची रीतही तीच. स्थानिकांच्या देवाधर्माविषयीची तुच्छतासुद्धा दोन्हीकडे सारखीच होती.

नगरमध्ये सिंथिया फॅरार या अविवाहित बाई मुलींच्या शाळा चालवत. जोतिरावांनी त्या शाळा पाहिल्या आणि त्यांच्या मनानं घेतलं की पुण्यात हे झालंच पाहिजे. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणातही फॅरारबाईंचा वाटा होता. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली. फुले दांपत्यानं मिशनऱ्यांकडून शाळेची पद्धत घेतली, त्यांचा धर्म घेतला नाही.

त्याच १८४८ मध्ये हवाईत काय घडत होतं? राजा, सरदार आणि रयत यांच्या परस्पर हक्कांत गुंतलेली तिथली जमीन वाटून तिच्यावर खासगी मालकी बसवण्याचा कायदा झाला. राजाला सल्ला द्यायला माजी मिशनरी दरबारात बसलेले होते. दोनच वर्षांत परदेशी माणसालाही जमीन विकत घेता येऊ लागली. अर्ज कसा करायचा, मोजणीचा खर्च कुठून आणायचा, यात अडकलेल्या सामान्य रयतेच्या हाती फार थोडी जमीन आली. बाकीची हळूहळू उसाच्या मळ्यांकडे गेली. कासल आणि कुक या मिशनच्याच दोन माणसांनी १८५१ मध्ये पेढी काढली आणि ती साखरेच्या धंद्यातली मोठी कंपनी झाली. १८८७ मध्ये मिशनऱ्यांच्या वारसांचा हात असलेल्या गटानं बंदुकीच्या धाकानं राजाकडून नव्या राज्यघटनेवर सही करून घेतली. १८९३ च्या जानेवारीत, अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक होनोलुलूत उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानीला पायउतार केलं. कटाचा म्होरक्या लोरिन थर्स्टन हा हवाईला आलेल्या त्या पहिल्या जहाजातल्या मिशनऱ्याचा नातू. पुढच्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा.

एकाच मंडळाची माणसं. नगरमध्ये त्यांनी शाळा काढल्या, हवाईत त्यांच्या मुलानातवंडांनी राज्य घेतलं. नगरची माणसं स्वभावानं अधिक चांगली होती असं मानायला काही आधार नाही. फरक होता तो सत्तेच्या रचनेचा. मुंबईत हॉल आणि नॉट स्वतःच उपरे होते. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू असल्यामुळे कंपनी सरकारनं त्यांना निघून जायला फर्मावलं होतं, विनवण्या केल्यावर राहू दिलं. इथे जमीन महसुलाची सूत्रं इंग्रजांच्या हाती होती आणि ते ती कुणाला देणार नव्हते. त्यामुळे अमेरिकन मिशनजवळ देण्यासारखं होतं ते अक्षर, औषध आणि छापखाना. हवाईत मात्र रोगराईनं खचलेलं एक छोटं राज्य होतं आणि जमिनीचा कायदा लिहिणारी लेखणी पाहुण्यांच्या हाती आलेली होती. याचा अर्थ इंग्रजी राज्य आपल्याला तारक ठरलं असा मुळीच नव्हे. आपली जमीन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

आता जोतिरावांकडे येऊ. त्यांनी जे घेतलं त्याचं पुण्यात काय झालं हे १८५५ च्या 'ज्ञानोदया'त दिसतं. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, वय अवघं चौदा, मांग जातीची. तिचा निबंध त्यात छापून आला. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नसेल तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोख होता. बाळंत होणाऱ्या महारा-मांगांच्या बायकांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिनं लिहिलं. अक्षर बोस्टनच्या पैशानं नगरला आलं असेल, पण त्यानं काय विचारायचं हे मुक्तानं ठरवलं.

हवाईच्या लोकांनीही तेच केलं. मिशनच्या शाळांतून ते लिहायला शिकले होते. १८९७ मध्ये विलीनीकरणाच्या विरोधात अर्ज निघाला आणि त्यावर एकवीस हजारांवर सह्या झाल्या. मूळ हवाईयन लोकवस्ती तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होती. प्रतिनिधींनी ते कागद वॉशिंग्टनला नेले आणि सिनेटमध्ये विलीनीकरणाच्या तहाला दोन तृतीयांश मतं मिळू शकली नाहीत. पुढे स्पेनशी युद्ध पेटलं आणि साध्या बहुमताचा ठराव करून बेटं घेतली गेली. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं रीतसर माफी मागितली. जमीन परत दिली नाही.

पुण्यानं अमेरिकेच्या शब्दाची आणखी एकदा पारख केली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या चौदा कलमांनी जगभरच्या पारतंत्र्यातल्या लोकांना आशा लागली होती. आपल्याकडच्या राष्ट्रीय काँग्रेसनं पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेसाठी निवडलेल्या प्रतिनिधींत लोकमान्य टिळक होते. इंग्रज सरकारनं त्यांना पॅरिसला जाऊ दिलं नाही; १९१९ च्या जानेवारीत त्यांनी लंडनहून विल्सनना हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाविषयी पत्र लिहिलं. सौजन्याचं उत्तर आलं, पदरात काही पडलं नाही. हेच विल्सन तेव्हा हैतीवर सैन्य बसवून होते आणि फिलिपिन्सही अमेरिकेच्याच ताब्यात होतं.

म्हणून मला जोतिरावांची अर्पणपत्रिका आजही खरी वाटते. त्यांनी ती अमेरिकेच्या सरकारला लिहिली नव्हती, गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांना लिहिली होती. ती माणसं १८९८ मध्येही होती. साम्राज्यविरोधी संघ त्याच वर्षी स्थापन झाला तो बोस्टनमध्येच, आणि मार्क ट्वेनसारखा लेखक त्याचा उपाध्यक्ष झाला. ते हरले, पण फिलिपिन्समधल्या अत्याचारांची त्यांनी आपल्याच देशात जाहीर वाच्यता केली.

आज पुण्यातल्या असंख्य घरांतलं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. हिंजवडीतल्या कचेऱ्या तिकडच्या कामावर चालतात. त्यामुळे तो देश आपल्याला एक तर स्वप्न वाटतो, नाही तर खलनायक. दोन्हींत विचार थांबतो. हवाईचा इतिहास सांगतो की देणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे का, यावर फार वेळ घालवू नये. शाळा काढायला, धान्य द्यायला, गुंतवणूक करायला कुणीही येवो, जमिनीचा आणि करांचा कायदा कोण लिहितं आणि तो बदलायचा अधिकार कुणाकडे राहतो, हे आधी पाहावं. आणि भारत शेजारच्या छोट्या देशांत रस्ते, बंदरं, वीज घेऊन जातो तेव्हा त्या देशांनी हाच प्रश्न आपल्यालाही विचारावा. त्याला सरळ उत्तर देण्याची तयारी आपण ठेवली, तर जोतिरावांनी सांगितलेला कित्ता आपण खऱ्या अर्थानं गिरवला असं म्हणता येईल.