वायद्याचे सौदे आणि गृहस्थधर्म

वायद्याच्या सौद्यांना आरंभ कसा करावा, हा प्रश्न सुशिक्षित घरांतील तरुण हल्ली वारंवार विचारतात. खाते कोठे उघडावे, अनामत किती भरावी, तोट्याची मर्यादा कोठे आखावी, हे सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु आरंभ कसा करावा याच्या आधी तो करावा काय, हा प्रश्न येतो. व तो केवळ हिशेबाचा नाही, नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

वायदा ही वस्तू मुळात निंद्य नव्हे. ओसाका येथील दोजिमा बाजारात 1730 पासून तांदळाच्या वायद्यांस राजमान्यता होती. मुंबईत 1875 साली कापूस-व्यापाऱ्यांची संघटना स्थापन झाली व कापसाचा वायदा नियमबद्ध झाला. भाव उतरेल ही शेतकऱ्याची भीती, भाव चढेल ही गिरणीवाल्याची. ही भीती मोबदला घेऊन आपल्या शिरावर घेणारा सट्टेवाला समाजाचे एक काम करतो. सबब सर्व सट्टा म्हणजे जुगार, असे सरसकट म्हणणे न्यायाचे होणार नाही.

मग सकाळी सौदा करून बाजार बंद होण्यापूर्वी तो मिटविणाऱ्याचे काय? त्याच्यामुळे बाजारात गिऱ्हाईक सदैव उभे राहते, हेही एक काम आहे, असे म्हणतात. ते मान्य करू. पण त्या कामाचे वेतन कोणास मिळते? वायद्यात एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा. वर दलाली व कर जातात ते निराळेच. सेबीने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, शेअरबाजारातील वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा 93 जणांना आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तोटा झाला, व एकूण तोटा 1.8 लक्ष कोटी रुपयांहून अधिक होता. नफा बहुतांशी यंत्रबुद्धीने सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांकडे गेला. म्हणजे नवशिका ज्याला प्रतिस्पर्धी समजतो, तो त्याच्या तोडीचा नसतोच.

त्यातून अनामतीचा मोह. निर्देशांकाचा नवा करार बाजारात येताना निदान 15 लक्षांचा असावा, असा नियम 2024 च्या नोव्हेंबरपासून आहे. समजा, दोन लक्ष अनामतीवर तो घेतला. भाव शेकडा दोननेच उतरला, तरी 30,000 रुपये, म्हणजे अनामतीचा शेकडा 15 भाग, एका दिवसात गेला. अनामत ही तोट्याची मर्यादा नव्हे, हे पुष्कळांस उशिरा उमगते.

कोणी म्हणेल, "पैसा माझा, तोटा माझा, यात नीती कोठे आली?" एकट्या माणसाच्या बाबतीत हे उत्तर कदाचित चालेल. परंतु आपल्याकडे मध्यमवर्गीय घरातील शिल्लक एकाची क्वचितच असते. तीत वडिलांचे आजारपण, बहिणीचे शिक्षण, पत्नीची काटकसर, ही सारी साठविलेली असतात. ज्यांचा वाटा आहे त्यांस न विचारता तो पणास लावणे, हा साधा विश्वासघात होय. आणि सौद्यात लाभ झाला म्हणून तो धुऊन निघत नाही.

दुसरी हानी मनाची. उपरोक्त पाहणीतच असे दिसले की, लागोपाठ तोटा सोसूनही चारांपैकी तिघांहून अधिक जण सौदे करीतच राहिले. गेलेले परत आणावयाचे, या एका विचाराने माणूस पछाडला, म्हणजे नोकरीतले लक्ष, झोप व खरे बोलण्याची सवय ही हळूहळू सुटतात.

म्हणून ज्यास या वाटेने जावयाचेच असेल त्याने, आमच्या मते, प्रथम घरी सांगावे. किती रक्कम गेली तरी कोणाचे अडणार नाही, हे सर्वांच्या समक्ष ठरवून वहीत लिहावे, आणि ती वही घरात उघडी ठेवावी. ज्यास हे करण्याचा संकोच वाटेल, त्याने आपला प्रश्न सुटला असे समजून आरंभच करू नये.