तोडलं, मग पाहिलं का?

आंबोलीला ओळखीच्यांच्या अंगणातल्या फणसाच्या खोडावरून मी नखाएवढा हिरवा पापुद्रा सुरीने काढला. ऐन जुलै. भिंगातून पाहिलं, तर सालीला चिकटून सरपटणारी बारीक झाडं होती ती. एकेक पान जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. ही लिव्हरवर्ट, मॉसची चुलत भावंडं. कागदाच्या पुडीत घालून पुण्याला आणली, त्याच आठवड्यात ऑफिसात रिलीज आलं आणि पुडी सतरा दिवस ड्रॉवरमध्ये राहिली.

मोबाइलच्या फोटोवरून यांची ओळख पटणं अवघड. सूक्ष्मदर्शकाखाली पानाची खालची कड दुमडून झालेली पिशवी पाहायची, तिचा दात पाहायचा. देठाच्या पोटाकडे आणखी चिमुकली पानं आहेत का, असली तर टोकाशी दुभंगलेली की अखंड, हे पाहायचं. एक मोलाची खूण मात्र पेशीच्या आत असते: ऑइल बॉडी, पातळ पडद्यात बंद असलेले तेलाचे थेंब. एका पेशीत किती, केवढे, गुळगुळीत की दाणेदार, यावर बरंच ठरतं. आणि बहुतेक लिव्हरवर्टमध्ये झाड वाळलं की हे थेंब नाहीसे होतात.

पुडी उघडून मी पाणी टाकलं. पानं पुन्हा पसरली. पिशवी दिसली, दुभंगलेली पोटपानं दिसली. तेलाचे थेंब एकाही पेशीत नव्हते. पुस्तकाशी ताडत 'लेज्युनिया'पर्यंत पोचलो. म्हणजे आडनाव कळलं, नाव नाही.

नावासाठी जीव तोडावा का, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं: नखाएवढा तुकडा पुन्हा भरून येतो, आणि ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही त्याच्या बाजूने जंगल तुटताना कोण बोलणार? हे उत्तर मला आजही पटतं. पण ते पाहणाऱ्याचं उत्तर आहे, आणि मी पाहिलंच नव्हतं. त्या सतरा दिवसांत माझ्याकडे ज्ञान नव्हतं, फक्त मालकी होती.

ही सवय मला ऑफिसातून लागली असावी. लोकांचा डेटा आम्ही 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून साठवतो आणि त्यातला बराचसा कुणी उघडतही नाही. घेताना दिलेलं कारण खरं ठरवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, हे आम्ही सोयीने विसरतो.

वाळलेला नमुना अगदीच वाया जात नाही. हर्बेरियममध्ये वाळलेलेच नमुने असतात. पण जिवंतपणी जे दिसलं असतं, ते टिपून ठेवणं माझं काम होतं. पाकिटावर अंदाजाने जातीचं नाव लिहायचा मोह झाला. कुणी तपासलं नसतं. शेवटी लिहिलं: 'लेज्युनिया. जाती अनिश्चित. तेलाचे थेंब ताजेपणी पाहिले नाहीत.'

आता एक नियम केलाय. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकापाशी बसणं जमणार नसेल, तर सकाळी सुरी बाहेर काढायची नाही. मागच्या वेळी खोड नुसतं भिंगातून पाहिलं आणि निघालो.