थडग्यांचे पावित्र्य कोणाचे?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, क्लेअर परगण्यात, बरेन नावाचा चुनखडकाचा उघडाबोडका टापू आहे. माती इतकी कमी की नांगर धरणे बहुतेक ठिकाणी अशक्यच. खडकाच्या भेगांतून उगवणाऱ्या गवतावर गुरे चरतात आणि तीही हिवाळ्यात, कारण उन्हाळाभर तापलेला चुनखडक थंडीतही ऊब धरून ठेवतो. याच खडकावर पोलनाब्रोनचे नवाश्मयुगीन थडगे उभे आहे. उभ्या शिळा, त्यांच्यावर तिरकी टेकवलेली सुमारे 4 मीटर लांबीची सपाट शिळा आणि भोवती दगडांचा बुटका ढीग, एवढीच त्याची रचना. आयर्लंडमध्ये अशी महापाषाणीय थडगी दीड हजारांहून अधिक आहेत. विदर्भातील शिळावर्तुळे लोहयुगातली. पोलनाब्रोन त्यांच्याहून हजारो वर्षांनी जुने आहे.

ज्यांनी ही थडगी उभारली त्यांच्या देवांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी लेख ठेवले नाहीत, त्यांची भाषाही उरली नाही. त्यांचा वंशही फारसा टिकला नाही: प्राचीन जनुकांच्या अभ्यासावरून दिसते की कांस्ययुगाच्या आरंभी बाहेरून आलेल्या लोकांमुळे बेटावरची लोकसंख्या मोठ्या प्रमाणात बदलली. म्हणजे थडग्यांची राखण करणारे पुढचे शेतकरी बहुतांशी बांधणाऱ्यांचे वारस नव्हते. मग ज्या श्रद्धेचा मागमूस उरला नाही, तिची जागा पवित्र कशी राहिली?

जुना धर्म लोकस्मृतीत दडून राहिला, हे नेहमीचे उत्तर. ते सुखावणारे आहे, पण पुरावा त्याच्या बाजूचा नाही. गावोगावच्या लोकांनी या थडग्यांना डिआर्मिद आणि ग्राँया यांची शेज म्हटले. वृद्ध फिन्नशी लग्न ठरलेली ग्राँया तरुण डिआर्मिदबरोबर पळाली आणि पाठलाग चुकवत दोघे रोज नव्या जागी निजले, अशी ती कथा. प्रेतांची जागा प्रेमिकांचे अंथरूण ठरली, यावरून मूळ अर्थ किती पुसला गेला होता हे कळते. कॉर्क परगण्यातले लाबाकॅली तर म्हातारीची शेज झाले.

श्रद्धेच्या जागी आली ती भीती. दगड हलवला तर परीलोकातली माणसे कोपतात, गुरे दगावतात, घरात आजार येतो, असे मानले जाई. पण भीतीलाही फार श्रेय देऊ नये. बॉइन नदीच्या सुपीक खोऱ्यात 1699 साली चार्ल्स कॅम्बेल या जमीनदाराच्या मजुरांनी रस्त्यासाठी एका टेकाडाचे दगड काढायला सुरुवात केली आणि न्यूग्रेंजच्या विशाल थडग्याचे दार उघडे पडले. हॉलंडच्या ड्रेंथे प्रांतात समुद्राच्या बांधांसाठी दगड विकले जाऊ लागले, तेव्हा 1734 मध्ये अशा थडग्यांच्या रक्षणाचा हुकूम काढावा लागला. बरेनमध्ये भीती टिकली, कारण ती मोडण्यात फायदा नव्हता. नांगराला जागा नाही आणि दगड तर पावलोपावली पडलेले. नापीक जमीन ही थडग्यांची सर्वांत भरवशाची राखणदार ठरली.

याहून गुंतागुंतीचा भाग ख्रिस्ती काळातला. कॅथलिकांवर निर्बंध होते त्या काळात, अठराव्या शतकात, कॉर्कच्या किनाऱ्यावरील टूरमोर येथील थडग्याची शिळा मिस्सासाठी वेदी म्हणून वापरली गेल्याची परंपरा आहे. त्या जागेचे नावच ‘ऑल्टर’ पडले. पण चर्चने काही मृतांना बाहेरही ठेवले. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या बालकांना दफनभूमीत जागा नसे. मूळ पापातून मुक्त न झालेले हे जीव स्वर्गात जात नाहीत, ‘लिम्बो’ नावाच्या सीमेवरच्या अवस्थेत राहतात, असे शिकवले जाई. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा बाळांना पडक्या गढ्यांत, गावाच्या शिवेवर, समुद्रकाठी आणि कधी कधी या प्राचीन थडग्यांपाशी पुरले गेले. या जागांना ‘किलीन’ म्हणतात. बाप किंवा घरातला पुरुष बहुधा रात्री, विधीशिवाय, बाळाला घेऊन जाई. धर्मशास्त्राने नाकारलेल्या मुलासाठी आईबापांनी निवडलेली जमीन निव्वळ पडीक नसे. चर्चच्या कुंपणाबाहेरची, पण आधीच मृतांची मानली गेलेली जागा शोधण्यात एक अबोल धर्मविचार होता आणि तो अधिकृत शिकवणीपेक्षा दयाळू होता.

पोलनाब्रोनच्या आत काय होते हे 1986 आणि 1988 मध्ये ॲन लिंच यांच्या उत्खननात समजले. दाराच्या शिळेला तडा गेल्यामुळे दुरुस्तीपूर्वी ते खोदावे लागले. इ.स.पू. 3800 ते 3200 या काळातील तीसहून अधिक माणसांची हाडे निघाली. एकाच्या कंबरेच्या हाडात दगडी बाणाचे टोक रुतलेले होते. मोठ्यांबरोबर मुलेही होती. त्यांतल्या सुमारे सहा महिन्यांच्या एका मुलाला डाऊन सिंड्रोम होता, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून कळले; तो अंगावर दूध पीत होता, असेही हाडांतील समस्थानिके सुचवतात. बांधणीनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, कांस्ययुगात, कोणीतरी एका नवजात बाळाला दारापाशी पुरले. यावरून नवाश्मयुग समतेचे होते असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण थडग्यात जागा मिळालेले सगळे सामान्य घरचेच होते असे नाही. मात्र आजारी तान्हे मूल मृतांच्या समाजाबाहेर ठेवले नव्हते, एवढे निश्चित.

पावित्र्य जागेत साठून राहत नाही आणि एकाच श्रद्धेबरोबर संपतही नाही. ज्याला मृताची सोय करायची असते तो ते नव्याने देतो. चर्चची भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) मवाळ झाली. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ आधार आहेत, असे मांडले. आयर्लंडच्या पुरातत्त्व नोंदीत आता महापाषाणीय थडग्यांप्रमाणेच बालदफनभूमींचाही स्वतंत्र वर्ग आहे.