लाड आपले, घाण बाईंची

पाळीव प्राण्यांपासून माणसाला आजार होतात, असं म्हटलं की मालकमंडळींना राग येतो. ‘आमचा शेरू घरातल्या माणसांपेक्षा स्वच्छ आहे’, हे उत्तर तयारच असतं. शेरूबद्दल तक्रार नाही. शेरूने गॅलरीत लघवी केली की ती पुसतं कोण, एवढंच विचारायचं आहे. ज्या घरात कामाला बाई आहेत, तिथे बाईच पुसतात. तेही अनवाणी आणि उघड्या हातांनी.

लेप्टोस्पायरोसिस म्हटलं की आपल्याला पावसाळा, तुंबलेलं पाणी आणि उंदीर आठवतात. पण लागण झालेल्या कुत्र्याच्या लघवीतूनही या आजाराचे जिवाणू बाहेर पडतात, आणि तो कुत्रा दिसायला ठणठणीत असू शकतो. खरचटलेली, चिरलेली त्वचा त्यांना आत शिरायला पुरते. दिवसभर भांडी-धुणी करून बोटांना चिरा पडलेल्या, टाचा भेगाळलेल्या बाईला हा धोका मालकापेक्षा जास्त, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

पिंजऱ्यातल्या पोपटाचं तर आणखी अवघड. बाधित पक्ष्याची वाळलेली विष्ठा झाडूने खरवडताना धूळ उडते आणि त्या धुळीतून ‘सिटॅकोसिस’चे जिवाणू फुप्फुसात जातात. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो, पण डॉक्टरांच्या मनात पोपट यायला तर हवा! ‘घरी पक्षी पाळलाय का?’ असं त्यांनी विचारलंच, तर बाई खरं तेच सांगणार: नाही. पोपट त्यांच्या घरी नाहीच, तो आपल्या घरी आहे. (देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच.)

भरभराट व्हावी म्हणून दिवाणखान्यात आणलेल्या कासवाची टाकी भांड्यांच्याच सिंकमध्ये ओतली जाते. कासव निरोगी दिसलं तरी त्याच्याकडून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे.

कुत्र्याला शिंक आली तर आपण गाडी काढून दवाखाना गाठतो. बाईंना ताप आला तर खाडा मांडतो. याला भूतदया म्हणायचं?

आता घाबरून प्राणी रस्त्यावर सोडायचा, हा त्याहून मोठा निर्दयपणा. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी टोचून घ्या. बाईंना रबरी हातमोजे आणि पायात घालायला चपला आणून द्या. पिंजरा आधी ओला करा, मग पुसा. टाकीचं पाणी स्वयंपाकघरात ओतू नका. बाई तापाने पडल्या तर ‘मी जिथे काम करते तिथे कुत्रा आहे, पक्षी आहे’ असं डॉक्टरांना सांगायला सांगा आणि औषधपाण्याचा खर्च तुम्ही करा. आणि जमलं तर पिंजरा-टाकीची सफाई स्वतःच करा; प्राणी तुम्ही पाळलाय, बाईंनी नाही.